संयुक्त पदवी सोपी नाही आणि ती सोपी करूही नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की आपल्या दैनिकासह सगळीकडेच अभ्यासक्रमांची ओळख करून देणारे लेख येऊ लागतात, आणि अलीकडे त्यात मानसशास्त्र आणि मनुष्यबळ व्यवस्थापन या दोन विषयांच्या संयुक्त पदवीचा उल्लेख हमखास असतो. ही ओळख बहुधा एका वाक्यात उरकलेली असते : ज्यांना माणसांशी बोलायला आवडते आणि गणिताची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हा उत्तम पर्याय आहे. मी मानसशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागले, बावीस वर्षे मनुष्यबळ विभागात काम केले आणि गेली काही वर्षे याच संयुक्त पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकवते आहे. त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून आलेली मुले दरवर्षी माझ्यासमोर बसतात. त्यांची होणारी फसगत पाहवत नाही, म्हणून हे पत्र.

पालकांचा आक्षेप वेगळा असतो. दोन दगडांवर पाय ठेवण्यापेक्षा एकच विषय घेऊन त्यात खोल जावे, नाहीतर मूल ना धड मानसशास्त्राचे होईल, ना धड व्यवस्थापनाचे, असे त्यांना वाटते. हा आक्षेप मला लेखांतल्या त्या वाक्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. दोन विषय नुसते शेजारी शेजारी ठेवले, तर तो खराही ठरतो. पण ते एकमेकांना भिडवले, तर या पदवीतून असे काही शिकता येते जे एकट्या मानसशास्त्रातून किंवा एकट्या व्यवस्थापनातून सहसा हाती लागत नाही. ते नेमके काय, हे सांगायचे तर आधी गणिताच्या धास्तीपासून सुरुवात करावी लागेल.

मानसशास्त्राच्या पदवीत संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र यांपासून सुटका नाही, आणि संयुक्त पदवीत तर त्यांची गरज अधिकच आहे. मी नोकरीत असताना एका जागेसाठी आम्ही तिघे मुलाखती घेत होतो. उमेदवार बाहेर गेला की आधी चर्चा करायची आणि मग गुण लिहायचे, अशी आमची रीत होती. त्या दिवशी मी सुचवले की चर्चेआधी प्रत्येकाने आपले गुण कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावेत. संध्याकाळी कागद उलटून पाहिले. एका उमेदवाराला मी वीसपैकी अकरा गुण दिले होते, शेजारच्या सहकाऱ्याने बारा आणि आमच्यात सर्वांत ज्येष्ठ असलेल्या अधिकाऱ्यांनी अठरा. पुढच्या बाजूला, चर्चेनंतरच्या रकान्यात, तिघांचेही सतरा किंवा अठरा होते. कोणी कोणावर दबाव आणला नव्हता. ज्येष्ठ अधिकारी आधी बोलले होते, एवढेच. आपले मत बदलले हे मला कागद उलटेपर्यंत जाणवलेही नव्हते, याची मला आजही चुटपुट लागून राहिली आहे.

ही गोष्ट नवी नाही. 1920 साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी सैन्यातील अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या निरनिराळ्या बाबींचे गुण संशय यावा इतके एकमेकांशी जुळत होते. माणूस एका बाबतीत मनात भरला की इतर बाबतींतही तो चांगलाच वाटू लागतो. याला तेव्हापासून हॅलो इफेक्ट म्हणतात. मनुष्यबळ विभागातल्या माणसाला याचे नाव ठाऊक असणे पुरेसे नाही, त्याला गुणपत्रिकेची रचना बदलता आली पाहिजे.

यापुढचे उदाहरण मी वर्गात दोन तास घेऊन शिकवते, कारण दोन्ही विषयांचा सांधा त्यात स्पष्ट दिसतो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 साली निवड प्रक्रियेवरील पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला आणि कोणत्या साधनावरून उमेदवाराच्या पुढच्या कामगिरीचा अंदाज कितपत येतो, याचे आकडे मांडले. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न आणि गुणदानाचे आधी ठरवलेले निकष अशी आखीव मुलाखत असेल, तर तिचा कामगिरीशी सहसंबंध (0 म्हणजे काहीच मेळ नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ) 0.51 आणि गप्पांच्या वळणाने जाणारी मोकळी मुलाखत असेल, तर 0.38, असे त्यांचे निष्कर्ष होते. बौद्धिक क्षमतेच्या चाचणीलाही त्यांनी 0.51 हाच आकडा दिला होता. व्यवस्थापनाच्या वर्गांतून हे आकडे पुढे वर्षानुवर्षे शिकवले गेले. 2022 साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच प्रश्न पुन्हा तपासले, तेव्हा आखीव मुलाखतीचा आकडा 0.42 वर, मोकळ्या मुलाखतीचा 0.19 वर आणि बौद्धिक चाचणीचा 0.31 वर आला.

हा फरक कशामुळे पडला, हे कळण्यासाठी संख्याशास्त्र लागते. ज्यांना नोकरी मिळाली त्यांचीच कामगिरी आपल्याला पाहता येते. ज्यांना नाकारले, ते नंतर कसे ठरले असते हे कधीच कळत नाही. त्यामुळे उपलब्ध माहितीवरून काढलेला सहसंबंध प्रत्यक्षाहून कमी दिसण्याची शक्यता असते आणि तो वर नेण्यासाठी एक दुरुस्ती करतात. ही दुरुस्ती आधीच्या आढाव्यांत जिथे लागू होत नव्हती तिथेही केली गेली आणि आकडे फुगले, असे सॅकेट आणि सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. ज्या विद्यार्थ्याला ही दुरुस्ती समजली, तो उद्या एखादी चाचणी विकायला आलेल्या प्रतिनिधीला योग्य प्रश्न विचारू शकेल. ज्याला समजली नाही, तो रंगीत तक्ते पाहून मान डोलावील, आणि त्या चाचणीवर शेकडो माणसांच्या नोकऱ्या ठरतील. गणिताची धास्ती असलेल्या मुलांना मी घाबरवू इच्छित नाही. अनेकांना हे संख्याशास्त्र उत्तम जमते, कारण इथे प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी माणूस असतो. फक्त ते येणार आहे, हे त्यांना प्रवेशाआधी सांगितले पाहिजे.

या दोन विषयांची सांगड आधुनिक काळातील फॅशन आहे, हा समजही खरा नाही. मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी विद्युत ट्रामच्या चालकांची निवड कशी करावी, यासाठी प्रयोगशाळेत चाचणी तयार केली आणि तिचे वर्णन 1913 साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. रस्त्यावर कोण आडवा येईल आणि कोण येणार नाही, याचा अंदाज चालकाला एकाच वेळी कितपत घेता येतो, हे त्यांना मोजायचे होते. 1917 साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर तिथल्या सैन्याने मानसशास्त्रीय चाचण्यांचा वापर सुरू केला आणि सुमारे सतरा लाख जणांच्या चाचण्या झाल्या. त्या चाचण्यांच्या निष्कर्षांवरून वंश आणि स्थलांतरितांबद्दल जी अन्यायकारक विधाने पुढे केली गेली, तीही या विषयाच्या इतिहासातच येतात आणि ती विद्यार्थ्यांपासून लपवू नयेत.

मला अधिक थांबायचे आहे ते हॉथॉर्नपाशी. शिकागोजवळच्या या कारखान्यात 1924 ते 1932 या काळात झालेले प्रयोग व्यवस्थापनाच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे सार एवढेच सांगितले जाते की कामगारांकडे लक्ष दिले की उत्पादन वाढते. टेलिफोन यंत्रणेतले रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, जोडणाऱ्या पाच तरुणींना वेगळ्या खोलीत बसवून 1927 पासून जो प्रयोग झाला, त्यातील दोघींना 1928 च्या सुरुवातीला फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून बदलण्यात आले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. प्रयोगातील माणसेच बदलली तर निष्कर्षाचे काय होते, हा प्रश्न मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुचतो. त्या दोघींचे पुढे काय झाले आणि त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी होते का, हा प्रश्न कामगार संबंध शिकलेल्याला सुचतो. संयुक्त पदवीच्या विद्यार्थ्याला दोन्ही सुचले पाहिजेत.

याच कारखान्यात 1928 ते 1930 या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला प्रश्न ठरलेले होते. पुढे कामगाराला जे बोलायचे आहे ते बोलू द्यावे, असे ठरले. त्यातूनच 1936 साली कंपनीने समुपदेशकांची योजना सुरू केली. हे समुपदेशक कारखान्यात फिरत, कामगारांचे ऐकून घेत, ऐकलेले वरिष्ठांना सांगत नसत आणि त्यांचा पगार कंपनी देत असे. ही शेवटची गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी अधोरेखित करायला लावते. ऐकणाऱ्याचा पगार कोण देतो, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्रात आहे, आणि माझ्या मते संयुक्त पदवीचा कणा हाच प्रश्न आहे.

मानसशास्त्र शिकताना गोपनीयता आणि समोरच्याची पूर्वसंमती यांचे संस्कार होतात. जो बोलतो आहे त्याचे हित प्रथम, असे आपण शिकतो. व्यवस्थापन शिकताना संस्थेची गरज, खर्च, मनुष्यबळाचे नियोजन आणि सर्वांना समान नियम हे शिकतो. दोन्ही शिकवण आपापल्या जागी योग्य आहे. पण एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर, एकाच माणसाकडून दोन्हींची अपेक्षा केली जाते, तेव्हा काय करायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते.

एका संध्याकाळी हिशेब विभागातली एक सहकारी माझ्या खोलीत आली. तिने दार लोटून घेतले, बसण्याआधी विचारले, ‘‘मॅडम, हे कुठे लिहून ठेवणार नाही ना?’’ मी लगेच म्हटले, ‘‘नाही, मुळीच नाही.’’ मग ती अर्धा तास बोलली. चार महिने झोप नव्हती. एकच बेरीज तीन-तीन वेळा तपासत होती, घरी गेल्यावर पुन्हा आठवून घाबरत होती, दुपारी जिन्यात जाऊन रडत होती. मी शिकले होते तसे मध्ये न बोलता ऐकले, डॉक्टरांकडे जाण्याविषयी सुचवले आणि शब्दाला जागून कुठेही काही लिहिले नाही. त्यानंतर दीड महिन्याने दोन विभाग एकत्र करण्याचे ठरले आणि कोणाला कुठे ठेवायचे, यासाठी बैठक झाली. तिचे नाव निघाल्यावर वरिष्ठांनी माझ्याकडे पाहून विचारले, ‘‘नव्या जागेचा ताण तिला झेपेल का? तुमचे मत काय?’’ मी काही क्षण थांबले आणि म्हणाले की तिच्या कामाचे आकडे आपल्यासमोर आहेत, त्यावरून ठरवावे. पण त्या थांबण्यातूनच त्यांना उत्तर मिळाले होते. तिला कमी जबाबदारीच्या जागेवर पाठवण्यात आले. तिच्या कामाचे आकडे उत्तम होते.

मी काही फोडले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले. चूक बैठकीत झालीच नव्हती; ती त्या संध्याकाळी ‘मुळीच नाही’ म्हणताना झाली होती. मी तिला आधी सांगायला हवे होते की मी कंपनीची अधिकारी आहे, तुझ्या बढतीच्या आणि बदलीच्या बैठकांना मी बसते, मी लिहून ठेवले नाही तरी ऐकलेले विसरू शकणार नाही, आणि यातले काही तुला फक्त बाहेरच्या समुपदेशकाशी बोलायचे असेल तर त्याची सोय मी करून देते. एवढे ऐकून कदाचित ती उठून गेली असती. तो तिचा निर्णय ठरला असता. आता शेवटच्या वर्षाच्या वर्गात मी हाच प्रसंग विद्यार्थ्यांना दोघादोघांनी उभा करायला सांगते. बहुतेक जण माझ्यासारखेच ‘मुळीच नाही’ म्हणून मोकळे होतात. आपण कोण आहोत हे आधी सांगणे त्यांना कोरडे आणि माणुसकीशून्य वाटते, आणि ते तसे नाही हे पटायला बरेच तास जातात.

हा प्रश्न आता केवळ बंद दाराआडच्या संभाषणाचा राहिलेला नाही. कर्मचारी किती वेळ संगणकावर होता, मुलाखतीच्या चित्रफितीत उमेदवाराचा चेहरा काय सांगतो, असली माहिती गोळा करणारी यंत्रणा बाजारात आहे आणि ती विकत घ्यायची की नाही, हे बऱ्याचदा मनुष्यबळ विभाग ठरवतो. युरोपीय संघाने 2024 साली केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यात कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रणांना, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, मनाई केली आहे. चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येतात का, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. ती ओळखण्याचा अधिकार मालकाला आहे का, हा कामगार कायद्याचा. दोन्हींची किमान जाण असलेला माणूस त्या निर्णयाच्या वेळी टेबलाशी असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

उलट दिशेनेही या दोन विषयांना एकमेकांची गरज आहे. एकट्या मानसशास्त्राची सवय माणसाच्या आत पाहण्याची असते. कर्मचारी थकला की त्याला श्वासाचे व्यायाम आणि तणावमुक्तीची कार्यशाळा सुचते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली बर्नआउटची व्याख्या करताना तो आजार न मानता कामाशी निगडित स्थिती मानली आणि नीट न हाताळलेला, दीर्घकाळचा कामाचा ताण हे तिचे मूळ सांगितले. त्याच्या कितीतरी आधी, 1979 साली, रॉबर्ट कॅरसेक यांनी दाखवले होते की कामाची मागणी जास्त आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मोकळीक कमी, अशा नोकऱ्यांत मानसिक ताण अधिक दिसतो. ही मोकळीक वाढवायची तर पाळ्यांचे वेळापत्रक, मंजुरीचे अधिकार आणि माणसांची संख्या यांना हात घालावा लागतो, आणि ते शिकवते व्यवस्थापन. हिशेब विभागातल्या माझ्या सहकारीला डॉक्टरांइतकीच आणखी एका मदतनिसाची गरज होती, हे मला फार उशिरा कळले.

विद्यापीठांविषयी माझी तक्रार आहे, ती इथे. बहुतेक ठिकाणी हे दोन विषय दोन इमारतींत, दोन वेळापत्रकांत आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या शिक्षकांकडून शिकवले जातात. माणसाच्या गरजा पायरीपायरीने मांडणारा मॅस्लो यांचा सिद्धांत मुले दोन वेळा शिकतात. एका वर्गात त्यावरचे आक्षेप आणि दुसऱ्या वर्गात त्याचा त्रिकोण, जणू तो निसर्गनियमच आहे. मॅस्लो यांच्या 1943 च्या मूळ निबंधात त्रिकोणाची आकृतीच नाही, हे दोन्हींकडे कोणी सांगत नाही. दोन शिक्षकांनी एकाच वर्गात एकत्र उभे राहून शिकवलेला किमान एक विषय प्रत्येक वर्षी असावा आणि अंतिम प्रकल्पाला दोन्ही विभागांचा एकेक मार्गदर्शक असावा, अशी माझी मागणी आहे. वेळापत्रक जुळवणे कठीण आहे हे मी जाणते, पण ते अशक्य नाही.

पालकांच्या आक्षेपाकडे परत येते. या पदवीने मुलगा किंवा मुलगी मानसशास्त्रज्ञ होत नाही, हे त्यांनी नीट लक्षात घ्यावे. त्यासाठी पुढचे शिक्षण लागते आणि त्या शिक्षणाला प्रवेश मिळण्यासाठी पदवीत मानसशास्त्राचा ठरावीक वाटा असावा लागतो. ब्रिटनमध्ये ‘ऑक्युपेशनल सायकॉलॉजिस्ट’ (कामाच्या ठिकाणच्या प्रश्नांचा मानसशास्त्रज्ञ) हे नाव लावण्यावर कायद्याचे बंधन आहे, आणि तिथल्या मानसशास्त्र संघटनेची मान्यता मिळण्यासाठी संयुक्त पदवीतही मानसशास्त्राची मुख्य अंगे आणि स्वतः माहिती गोळा करून केलेला संशोधन प्रकल्प लागतो. नियम देशोदेशी वेगळे असतात, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी मानसशास्त्राचे श्रेयांक (क्रेडिट) एकूण किती, संशोधन पद्धती किती सत्रे शिकवतात आणि प्रकल्प कोणत्या विषयात करता येतो, हे विभागप्रमुखांना प्रत्यक्ष विचारावे. माहितीपत्रकात हे बहुधा नसते. मनुष्यबळ विभागातच काम करायचे असेल तर ही अडचण कमी आहे, पण अठराव्या वर्षी तेवढे पक्के किती जणांचे ठरलेले असते?

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. यंदाच्या प्रवेशविषयक पुरवणीत या पदवीची माहिती देताना ‘माणसांची आवड’ या शब्दांच्या जोडीला श्रेयांकांची विभागणी, संख्याशास्त्राच्या तासांची संख्या आणि पुढच्या व्यावसायिक शिक्षणासाठी ती पदवी ग्राह्य आहे की नाही, हे तीन तपशील संबंधित विद्यापीठांकडून मागवून छापावेत. ते मिळवण्यासाठी काही मदत लागल्यास मी आनंदाने करीन.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक